आठ मिनिटं वीस सेकंदांचं आयुष्य

एक लाख फोटो काढलेला डीएसएलआर कॅमेरा बाजारात म्हातारा समजला जातो. सेकंडहँड विकायला गेलात तर दुकानदार मान हलवून म्हणतो, 'काउंट लाखाच्या वर गेलाय हो', आणि भाव पाडतो. आता एक साधं गणित करून पाहू. उजेडात फोटो काढताना शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाइतका वेळ उघडं राहतं असं धरा. एक लाख भागिले दोनशे, म्हणजे पाचशे सेकंद. आठ मिनिटं वीस सेकंद! आरशाच्या आणि शटरच्या मागे बसलेल्या सेन्सरवर अख्ख्या आयुष्यात फोटोंसाठी पडलेला प्रकाश मिळून एवढाच. व्हिडिओ काढले असतील किंवा मागच्या पडद्यावर बघून फोटो घेतले असतील तर तो वेळ वेगळा धरा. पण उरलेली दहा-पंधरा वर्षं तो मिट्ट काळोखात बसून होता.

योगायोग असा, की सूर्यावरून निघालेला प्रकाश पृथ्वीवर पोचायलाही जवळजवळ एवढाच वेळ लागतो. किती लग्नं, बारशी, गडावरच्या पहाटा, शाळेची स्नेहसंमेलनं, आता नसलेल्या माणसांचे चेहरे... सगळं सूर्यकिरणाच्या एका फेरीच्या वेळात मावलं.

मग या कॅमेऱ्यात म्हातारं नक्की काय झालं?

हा प्रश्न विचारण्यात खरोखर फायदा आहे. कुरकुरणारा कॅमेरा घेऊन दुकानात गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, 'जुना झाला, आता यात पैसे घालू नका.' जुना म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. प्रत्यक्षात कॅमेऱ्याच्या पोटात निरनिराळ्या वयाच्या गोष्टी एकत्र नांदत असतात. काहींचं वय क्लिकगणिक वाढतं, काहींचं दमट हवेने, काहींचं नुसतं वर्षं सरल्याने. आणि जिच्या जिवावर सगळा खेळ चालतो ती चिप जवळपास पहिल्या दिवशी होती तशीच असते. दुरुस्ती की नवा, याचा निकाल कोणत्या भागाचं वय झालंय यावर लागतो. कॅमेरा कोणत्या साली घेतला, याला मी फारसं महत्त्व देत नाही.

उदाहरणासाठी निकॉनचा डी९० घेऊ. ऑगस्ट २००८ मध्ये आलेला हा कॅमेरा व्हिडिओ काढू शकणारा पहिला डीएसएलआर, आणि हौशी मंडळींच्या कपाटांत आजही सापडतो. त्याचा सेन्सर २३.६ मिलिमीटर रुंद आणि १५.८ मिलिमीटर उंच. तेवढ्या जागेत सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेल बसवलेत. एकेक पिक्सेल साडेपाच मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याचा एक केस आडवा ठेवला तर त्याच्या जाडीत डझनभर पिक्सेल सहज झाकले जातील. प्रकाशाचा एक कण, फोटॉन, सिलिकॉनवर आदळतो आणि एका इलेक्ट्रॉनला त्याच्या जागेवरून सुटा करतो. सुटलेले इलेक्ट्रॉन त्या पिक्सेलमध्ये साठतात, शटर मिटल्यावर त्यांची मोजदाद होते, आणि तो आकडा म्हणजे फोटोतला एक ठिपका. एवढंच. यात काही जळत नाही, झिजत नाही, खर्ची पडत नाही. फिल्मवरचं रसायन एकदा प्रकाश पडला की कामातून जायचं. सिलिकॉन मात्र मोजणी झाली की पुन्हा कोरं होतं, आणि पुढच्या फोटोला तितकंच ताजं असतं.

प्रकाश असा मोजणाऱ्या चिपची सुरुवात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाली. तिथे १९६९ साली विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या चिपची कल्पना मांडली. त्यासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मधे १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनीअरने अशी चिप वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्रात दहा हजार ठिपके, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. तिथून डी९० पर्यंत तेहतीस वर्षं लागली. मला यातली भूल पडते ती एका गोष्टीची. कॅमेऱ्याचा आकार, वेग, किंमत सगळं बदललं, पण फोटॉनने इलेक्ट्रॉन सोडवायचा आणि आपण तो मोजायचा, हा मूळ व्यवहार तसाच राहिला.

'पूर्वी या कॅमेऱ्याचे फोटो छान यायचे, आता अंधारात फार दाणे दिसतात' ही तक्रार नेहमी ऐकू येते. दाणे तेव्हाही होतेच. अंगणात पावसात दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मिनिटभराने थेंब मोजले तर दोन्हींत नेमके सारखे भरणार नाहीत. प्रकाशही तसाच, थेंबाथेंबाने येतो. शंभर फोटॉन अपेक्षित असतील तर मोजणी दहाने इकडेतिकडे होते, म्हणजे दहा टक्के फरक. दहा हजार अपेक्षित असतील तर फरक शंभराचा, म्हणजे फक्त एक टक्का. उजेड कमी झाला की शेजारशेजारचे ठिपके एकमेकांशी जुळेनासे होतात आणि आपल्याला दाणे दिसतात. सेन्सरची स्वतःची थोडी खरखर त्यात मिसळते, आणि नव्या सेन्सरमध्ये ती बरीच कमी झाली आहे, हे खरं. पण डी९० आज जेवढे दाणे दाखवतो तेवढेच २००८ मध्येही दाखवत होता. बदलली आहे ती आपली नजर. फोनमधलं सॉफ्टवेअर आठ-दहा फोटो एकत्र करून दाणे पुसून टाकतं, आणि आपल्याला त्याची सवय झाली आहे.

सेन्सर अजिबात बदलत नाही असंही नाही. त्याच्यावर ओरखडे काढणारी गोष्ट येते कुठून, तर अंतराळातून. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून वगैरे निघालेले अतिवेगवान कण पृथ्वीच्या वातावरणावर आदळतात आणि त्यातून उपजलेल्या कणांचा मारा आपल्या सगळ्यांवर अहोरात्र चालू असतो. त्यातला एखादा सेन्सरमधून जाताना सिलिकॉनच्या स्फटिकातला एखादा अणू जागचा हलवतो. त्या पिक्सेलमधून मग प्रकाश नसतानाही इलेक्ट्रॉन झिरपायला लागतात. त्याला हॉट पिक्सेल म्हणतात.

हे घरी बघता येतं. रात्री लेन्सवर झाकण लावा, व्ह्यूफाइंडरवर रुमाल टाका, आयएसओ ८०० वर तीस सेकंदांचा एक फोटो काढा. त्या वेळी 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद ठेवा, नाहीतर कॅमेरा पुरावाच पुसून टाकेल. मग तो काळा फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून सावकाश सरकवत बघा. काळ्याशार पडद्यावर इथे एक लाल, तिथे एक निळा, कुठे पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. पुन्हा तसाच फोटो काढा. तेच ठिपके, त्याच जागी. काही ठिपके कारखान्यातूनच आलेले असतील, पण वर्षांगणिक त्यांत पडलेली भर बव्हंशी अशा पाहुण्यांची आहे. माझ्या मते जुना कॅमेरा असणाऱ्या प्रत्येकाने हा फोटो एकदा काढून बघावा.

यावर उपाय आहे. बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत 'पिक्सेल मॅपिंग' ही सोय असते. कॅमेरा असे बिघडलेले ठिपके हुडकून त्यांची यादी करतो आणि त्यांच्या जागी शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून अंदाज भरतो. काही कॅमेऱ्यांत ते मेनूतून करता येतं, काहींत सर्व्हिस सेंटरकडून करून घ्यावं लागतं. दहा-वीस हॉट पिक्सेलसाठी कॅमेरा टाकून देणं हा वेडेपणा होईल.

अंतराळातल्या कॅमेऱ्यांवर हा मारा कितीतरी जास्त असतो, आणि त्यांच्यावरचा उपचार तर थक्क करणारा आहे. हबल या अंतराळ दुर्बिणीतले सेन्सर एरवी शून्याच्या बऱ्याच खालच्या तापमानाला ठेवलेले असतात. महिन्यातून एकदा ते मुद्दाम गरम केले जातात. ऊब मिळाली की जागचे हललेले बरेच अणू पुन्हा ठिकाणावर बसतात आणि महिनाभरात उपजलेले बरेचसे हॉट पिक्सेल बरे होतात. गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानावरच्या जूनोकॅमची गोष्ट याहून मोठी. गुरूच्या भीषण प्रारणात तो निदान आठ फेऱ्या टिकावा अशी अपेक्षा होती, तो चाळीसच्या पुढे गेला. मग फोटोंवर पट्टे यायला लागले आणि २०२३ च्या अखेरीस बहुतेक फोटो वाया जाऊ लागले. संशय वीजपुरवठ्यातल्या एका छोट्या भागावर होता. आयो या गुरूच्या चंद्राजवळून यान ३० डिसेंबरला जाणार होतं, आणि तिथे कोणी स्क्रूड्रायव्हर घेऊन जाऊ शकत नव्हतं. कोट्यवधी किलोमीटरवरून मोहिमेच्या चमूने कॅमेऱ्याचा हीटर पूर्ण चालू करण्याची आज्ञा धाडली. पहिले काही दिवस काही फरक पडला नाही. मग अगदी शेवटच्या दिवसांत फोटो सुधारत गेले, आणि यान आयोपासून १,५०० किलोमीटरवरून गेलं तेव्हा जूनोकॅमने जवळजवळ नव्यासारखे फोटो पाठवले.

आपल्या कॅमेऱ्यावर हा प्रयोग करू नका. तो हेअर ड्रायरने तापवला तर सिलिकॉनच्या आधी प्लास्टिक आणि गोंद जाईल.

आता खऱ्या अर्थाने झिजणाऱ्या भागाकडे, म्हणजे शटरकडे येऊ. सेन्सरच्या पुढ्यात पातळ पात्यांचे दोन पडदे असतात. बटण दाबलं की पहिला पडदा खाली सरकून सेन्सर उघडा करतो, दुसरा त्याच्या मागून येऊन झाकतो. वेग वाढवला की दुसरा पडदा पहिल्याची वाट न बघता निघतो. डी९० वर सेकंदाच्या चार हजाराव्या भागाचं शटर लावलंत तर अख्खा सेन्सर एका क्षणी कधी उघडाच नसतो. जेमतेम मिलिमीटरभर रुंदीची एक फट वरून खाली सरकत जाते आणि दृश्य पट्टीपट्टीने रंगत जातं. उडी मारलेलं पोर हवेत गोठलेलं दिसतं ते या फटीमुळे. त्या फोटोत त्याच्या केसांची आणि पायांची वेळ काही सहस्रांश सेकंदांनी वेगळी असते!

ही धावपळ, आणि तिच्याबरोबर आरशाची वरखाली उडी, प्रत्येक क्लिकला होते. स्प्रिंगा थकतात, पाती कधीतरी वाकतात, छोटी मोटर अडते. म्हणून कंपन्या शटरची चाचणी किती क्लिकपर्यंत केली ते सांगतात. डी९० साठी तो आकडा एक लाख, कॅननच्या ५डी मार्क २ साठी दीड लाख, निकॉनच्या व्यावसायिक डी३ साठी तीन लाख. हे आकडे मुदत संपल्याची तारीख समजू नका. लाखाचं शटर दोन लाखांपर्यंत धावल्याची उदाहरणं लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे हवी तेवढी मिळतील, आणि चाळीस हजारांत गेलेलीही मिळतील. पण मुख्य गोष्ट ही की शटर हा वेगळा काढता येणारा, पूर्ण बदलता येणारा भाग आहे. निकॉनच्या डी६०० च्या सेन्सरवर ठिपके पडतात अशा तक्रारी वाढल्यावर कंपनीने २०१४ मध्ये वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचीही शटर फुकट बदलून दिली. शटर गेलं म्हणजे कॅमेरा गेला, असं म्हणणाऱ्या दुकानातून शांतपणे बाहेर पडा.

चिपच दगा देते अशा घटनाही आहेत. ऑक्टोबर २००५ मध्ये कॅनन, निकॉन, फुजी, ऑलिंपस अशा अनेक कंपन्यांना एकापाठोपाठ एक जाहीर करावं लागलं, की त्यांच्या ठराविक मॉडेलमधल्या सोनीने बनवलेल्या सीसीडी उष्ण-दमट हवेत बिघडताहेत. चित्र वेडंवाकडं, जांभळं किंवा साफ काळं येतंय. त्या दुरुस्त्या फुकट करून देण्यात आल्या. लायकाच्या २००९ च्या एम९ मध्ये सेन्सरवरच्या संरक्षक काचेला हवेतल्या ओलाव्याने गंज चढावा तसे डाग पडायला लागले. कंपनीने वर्षानुवर्षं सेन्सर बदलून दिले आणि २०२० मध्ये सुटे सेन्सर संपल्याचं जाहीर केलं. दोन्ही ठिकाणी गुन्हेगार एकच, ओलावा. आणि दोन्ही ठिकाणी सिलिकॉन निर्दोष होतं. बिघडल्या त्या त्याच्या भोवतीच्या जोडण्या आणि काच.

ओलाव्याशी आपली तर जन्माची ओळख. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते, आणि बुरशीला साठ-सत्तर टक्के पुरतात. आपल्याकडे कॅमेरा मरतो तो बहुधा क्लिकने नव्हे, कपाटात ठेवल्याने. लेन्सच्या आतल्या बाजूला जरा धूळ, जरा वंगणाची वाफ, जरा बोटांचं तेल एवढं अन्न मिळालं की बुरशीचा एक कण तिथे संसार थाटतो. दिवसाच्या उजेडात तो दिसतही नाही. खोलीत अंधार करा, लेन्स बॉडीवरून काढा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरून समोरून डोकावा. धुळीचे कण सुटे सुटे चमकतील, त्यांची काळजी नको. लेन्समधली धूळ फोटोत जवळपास कधीच उतरत नाही. पण एखाद्या कडेपासून आत शिरलेल्या, फाटे फुटत गेलेल्या बारीक पांढऱ्या मुळ्या दिसल्या तर ती बुरशी.

ती लवकर सापडली तर चांगला कारागीर लेन्स खोलून, काचा पुसून, पुन्हा नीट बसवून देतो आणि खूण राहत नाही. वर्ष-दोन वर्षं तशीच राहिली तर बुरशीतून पाझरणारी आम्लं काचेवरचा लेप खातात, मग काच खातात. ते कोरलेलं कोणी पुसू शकत नाही. म्हणून लेन्सच्या बाबतीत माझा सल्ला कॅमेऱ्याच्या उलट आहे. बॉडीची दुरुस्ती सहा महिने थांबली तरी चालेल, बुरशीची दुरुस्ती थांबवू नका.

आणि तिला येऊच न देणं स्वस्त आहे. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा, बस. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहील असं बघा. निळे दाणे गुलाबी झाले की पुडीतून काढून तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात. हल्ली नारिंगी दाणेही मिळतात, ते ओलावा शोषल्यावर हिरवट होतात. चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत पावसाळाभर कॅमेरा ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. त्यापेक्षा वापरात असलेला कॅमेरा जास्त जगतो.

बाकी बारीकसारीक दुखणी पटापट बघू. प्रत्येक वेळी तारीख-वेळ नव्याने विचारत असेल तर आतला घड्याळाचा छोटा सेल उतरलाय. पुष्कळ मॉडेलमध्ये चार्ज केलेली मुख्य बॅटरी दोन-तीन दिवस आत ठेवली की तो भरतो. पकडीवरचं रबर चिकट झालं किंवा सुटलं तर नवं रबर मिळतं, गोंद लावून बसवतात. प्रत्येक फोटोत एकाच जागी करडा ठिपका येत असेल तर सेन्सरवर धूळ आहे. खात्री करायची असेल तर ॲपर्चर एफ १६ करून आभाळाचा फोटो काढा. ही धूळ खुद्द चिपवर नसते, तिच्यावरच्या काचेच्या फिल्टरवर असते, आणि साफ करणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. कॅमेरा चालूच होत नसेल तर आधी दुसरी बॅटरी, मग दुसरं कार्ड, मग दुसरी लेन्स लावून बघा. मित्राकडून मागून आणा, पण बघा. 'कॅमेरा गेला' म्हणून आणलेल्या कॅमेऱ्यांत नुसती लेन्सची किंवा बॅटरीची टोकं मळलेली सापडतात. आणखी एक, घरी स्क्रू खोलायला बसू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते, आणि बॅटरी काढल्यावरही ती बराच वेळ तिथेच राहते.

खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यांचं मात्र वेगळं. त्यांचा आजार बहुतेकदा एकच, 'लेन्स एरर'. आत-बाहेर होणारी नळकांडी, त्यांत प्लास्टिकचे चिमुकले दाते, आणि समुद्रकिनाऱ्यावरून आलेला वाळूचा एक कण. दुरुस्ती शक्य असते, पण मजुरी कॅमेऱ्याच्या किमतीला भिडते. २०१० मध्ये जगात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यांतले बहुतेक हे छोटे. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली आला. एवढी घसरण झालेल्या वस्तूचे सुटे भाग कोण ठेवणार? हल्ली तरुण मुलं असे जुने कॅमेरे त्यांच्या रंगांसाठी हौसेने शोधताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. तुमचा चालू असेल तर जपा, एखाद्या मुलाला द्या. लेन्स अडकली असेल तर ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका.

दुरुस्तीच्या आड शेवटी येतो तो सुटा भाग. मॉडेल बंद झाल्यावर कंपनी काही वर्षं भाग ठेवते, मग सर्व्हिस सेंटर कॅमेरा हातात न घेताच परत करतं. त्यापुढचं राज्य कारागिरांचं. मुंबईत सीएसएमटीसमोर बोरा बाजाराच्या गल्ल्यांत कॅमेऱ्याची दुकानं आणि दुरुस्ती करणारे पिढ्यान्पिढ्या आहेत. तिथे मेलेल्या कॅमेऱ्यांच्या बॉडी जपून ठेवलेल्या असतात. एकाचा बोर्ड गेलेला, शटर चांगलं. दुसऱ्याचं शटर गेलेलं, बोर्ड चांगला. दोन मेलेल्यांतून एक जिवंत उभा करणारे हे हात मला मोठे वाटतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात भर मोबाइल, वाहनं, शेतीची अवजारं आणि घरगुती उपकरणांवर आहे. कॅमेऱ्यांचे भाग आणि दुरुस्तीच्या पुस्तिकाही बाहेरच्या कारागिरांना रीतसर मिळायला हव्यात.

मग ठरवायचं कसं? हबलच्या शेवटच्या दुरुस्ती मोहिमेत, मे २००९ मध्ये, हाच प्रश्न दोन कॅमेऱ्यांबाबत एकदम होता आणि उत्तरं दोन निघाली. 'वाइड फील्ड अँड प्लॅनेटरी कॅमेरा २' चालू स्थितीत होता. १९९५ चा 'पिलर्स ऑफ क्रिएशन' हा जगप्रसिद्ध फोटो त्याचाच. तरी तो काढून नवा बसवला, कारण नवा कॅमेरा जे बघू शकत होता ते जुन्याच्या आवाक्यातलंच नव्हतं. दुसरा, 'ॲडव्हान्स्ड कॅमेरा फॉर सर्व्हेज', २००७ पासून जवळपास बंद होता. त्याचे सेन्सर ठीक होते, वीजपुरवठा जळला होता. तो अंतराळात उघडण्यासाठी बनवलेलाच नव्हता. तरी अंतराळवीर जॉन ग्रन्सफेल्ड यांनी जाडजूड हातमोज्यांनी ३२ स्क्रू काढले, सर्किट बोर्ड बदलले, नवा वीजपुरवठा जोडला. त्याचा मुख्य भाग सुरू झाला, एक भाग झाला नाही, आणि तेवढ्यावर तो पुढे वर्षानुवर्षं काम करत राहिला. चालू असलेला बदलला, बंद पडलेला दुरुस्त केला! वय कोणी विचारलं नाही. कोणता भाग गेलाय आणि आपल्याला काय बघायचंय, एवढंच विचारलं.

आपणही तेवढंच विचारावं. तुम्ही दिवसाउजेडी फोटो काढता, ए४ आकाराचे प्रिंट करता, तर डी९० चे बारा मेगापिक्सेल पुरून उरतात. शटर, रबर, धूळ, बुरशीची सुरुवात यांवर बिनधास्त खर्च करा. पाळण्यातलं बाळ रात्रीच्या मंद दिव्यात टिपायचंय, उडते पक्षी हवेत, अंधाऱ्या नाट्यगृहात आवाज न करता काम करायचंय, तर जुना कॅमेरा धडधाकट असला तरी नवा घ्या. डोळा हुडकून फोकस धरणं, सेन्सरने स्वतः हलून हाताचं कापणं सावरणं, आवाज न करणारं शटर, या गोष्टी दुरुस्तीने येणार नाहीत. समुद्राच्या पाण्यात पडलेला कॅमेरा मात्र सोडून द्या. मीठ बोर्डाच्या आत काम करत राहतं आणि आज चालू केलेला दोन महिन्यांनी पुन्हा बसतो.

दुरुस्तीचा आकडा कळला की तो नव्या कॅमेऱ्याच्या किमतीशी ताडू नका. तेच मॉडेल चांगल्या स्थितीत सेकंडहँड कितीला मिळतं, त्याच्याशी ताडा. दुरुस्ती त्याच्या निम्म्याच्या आत असेल तर करून टाका. तेवढी किंवा जास्त असेल तर दुसरी बॉडी घ्या आणि आपल्या लेन्स तिला लावा. लेन्स कधी बॉडीबरोबर विकू नका. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खोबण, १९५९ पासून चालत आलाय, आणि त्या काळच्या कितीतरी लेन्स आजच्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांवर ॲडॉप्टर लावून चालतात. जुन्या एएफ-डी लेन्स असतील तर एवढं लक्षात ठेवा, की त्यांचा फोकस फिरवणारी मोटर जुन्या बॉडीत असते; डी९० मध्ये ती आहे, कंपनीच्या मिररलेस ॲडॉप्टरमध्ये नाही. त्या लेन्स मिररलेसवर हाताने फोकस कराव्या लागतील.

कारागिराकडे जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: कोणता भाग गेलाय, तो नवा घालणार की दुसऱ्या बॉडीतून काढलेला, आणि काढलेला जुना भाग मला दाखवणार का. पहिल्या प्रश्नाला 'जुना झालाय' एवढंच उत्तर मिळालं तर दुसरा कारागीर शोधा. आणि कॅमेरा बरीच वर्षं कपाटात पडून असेल, तर पाऊस सुरू व्हायच्या आधी तो बाहेर काढा, बॅटरी फुगलीय का बघा, चार्ज करा, आणि लेन्समध्ये टॉर्च टाकून एकदा नीट डोकावा.